पुठ्ठ्याचे राक्षस आणि शनिवारची सकाळ

शनिवारी शाळा सकाळची. पांढरा गणवेश, मैदानावर कवायत, मग दोन-तीन तास कसेबसे काढायचे. अकराच्या सुमारास घंटा झाली की दप्तर पाठीवर आपटत घराकडे पळायचं. घराकडे म्हणजे आपल्या नव्हे, शेजारच्या काकूंच्या. रंगीत टीव्ही त्यांच्याकडे होता. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर आम्ही दहा-बारा जण आणि आमच्यातला सगळ्यांत उंच मुलगा गच्चीवर अँटेना धरून. खालून कुणीतरी ओरडायचं, ‘आलं, आलं! थांब, हलवू नकोस!’ तो बिचारा अर्धी मालिका वरच उभा राहून ऐकायचा. पुढच्या शनिवारी दुसऱ्याची पाळी.

अद्भुत शक्ती असलेल्या नायकाचं ‘शक्तिमान’ दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ ला सुरू झालं. तो दिवस शनिवारचाच होता. मी तेव्हा चौथीत होतो.

आज त्या मालिकेचा कुठलाही भाग लावला तरी कळतं की हाताशी पैसा फार नव्हता. त्यातला खलनायक तमराज किलविष, त्याचा अड्डा म्हणजे रंगीत दिवे आणि धूर. शक्तिमान उडतो तेव्हा तो एकीकडे आणि मागचं आकाश भलतीकडे. पण हे आम्हाला तेव्हाही कळत होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली जुन्या आठवणी निघाल्या की लोक म्हणतात, ‘किती भोळे होतो ना आपण.’ आम्ही भोळे नव्हतो. तो गरगर कसा फिरतो यावर मधल्या सुट्टीत रीतसर वाद व्हायचे. कुणी म्हणे खाली चाक आहे, कुणी म्हणे कॅमेऱ्याची करामत आहे. खोटं आहे हे ठाऊक असूनही आम्ही त्यात मनापासून रमायचो. कोकणात दशावतार बघणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. काळा वेश चढवून संकासुर होणारा माणूस आपल्याच पंचक्रोशीतला आहे, दुपारी तो बाजारात भेटला होता, हे ठाऊक असूनही रात्री तो समोर आला की पोरं आईच्या पदराआड लपतात. खेळ असाच असतो.

गेल्या काही वर्षांत या आठवणींना ऊत आला आहे. ‘नव्वदच्या दशकातली मुलं’ या नावाखाली शीर्षकगीतं फिरतात, जुन्या मालिकांचे तुकडे फिरतात, त्याखाली शेकडो माणसं ‘ते दिवस परत येणार नाहीत’ असं लिहितात. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, एप्रिलमध्ये ‘शक्तिमान’ही आलं, आणि चाळिशीतले बाप मुलांना शेजारी बसवून ते बघू लागले. मीही बघितलं. या हळवेपणाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण माझं म्हणणं असं आहे की आपण चुकीच्या गोष्टीसाठी हळहळतो आहोत. मालिका संपतात, त्या संपायलाच हव्यात. आपल्या मुलांचं खरं नुकसान झालंय ते वेगळंच. आठवड्यातला एक ठरलेला तास मुलांचा होता. त्या तासात हाडामांसाची माणसं, ओळखीच्या रस्त्यांवर, ओळखीच्या कपड्यांत, अद्भुत काहीतरी करायची. तो तास गेला, आणि तो काही आपोआप गेला नाही. तो जाऊ दिला गेला. म्हणजे तो परत मागताही येईल.

आधी त्या स्वस्तपणाबद्दल बोलतो, कारण सगळी थट्टा त्याचीच होते.

गेल्या मे महिन्यात माझा सात वर्षांचा भाचा सुट्टीला आला होता. एका दुपारी त्याला मी रामानंद सागरांचं ‘विक्रम और बेताल’ लावून दिलं. १९८५ चं. अरुण गोविल विक्रम, सज्जन हे जुने नट बेताल. पहिली पाच मिनिटं तो नाक मुरडत होता. ‘मामा, याचे केस कापसाचे आहेत.’ मी म्हटलं, असतील. मग तो गप्प झाला, सरकत सरकत पुढे आला आणि भाग संपल्यावर म्हणाला, ‘अजून एक लाव.’ ही एवढीच गोष्ट असती तर सांगितली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर आजीच्या देवघरातला वातीचा कापूस संपलेला. तो सगळा भाच्याच्या डोक्याला, खोबरेल तेलाने चिकटवलेला. अंगावर आजोबांचा जुना पंचा. आणि तो थोरल्या भावाच्या पाठीवर लोंबकळत त्याला कसलीशी स्वतः रचलेली गोष्ट सांगत होता. त्यात एक रिक्षावाला होता, एक हरवलेली मांजर होती आणि शेवटी प्रश्न होता, मांजर कुणाची? आजी स्वयंपाकघरातून हे सगळं बघत होती. लहानपणी चांदोबा वाचलेली बाई ती. कापूस गेल्याचं विसरून तिने त्याला पुढचं वाक्य शिकवलं: उत्तर ठाऊक असूनही दिलं नाहीस, तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होऊन तुझ्याच पायाशी लोळू लागतील. ते वाक्य त्याने दिवसभर घरातल्या प्रत्येकाला ऐकवलं.

हाच मुलगा एरवी रोज दोन तास कार्टून बघतो. उत्तम रंग, गुळगुळीत हालचाल, कुठे टाका दिसायचा नाही. ते बघून त्याने घरातली एकही वस्तू कधी हलवल्याचं मला आठवत नाही. त्यातलं जग त्याला हाताने करता येण्यासारखं नाही. कापसाचे केस करता येतात. ज्या गोष्टीचा सांधा दिसतो ती आपल्यालाही जोडता येईल असं मुलाला वाटतं. म्हणून या मालिकांचं दारिद्र्य हा दोष होता आणि प्रेक्षकांनी तो पोटात घातला, असं मी मानत नाही. पडद्यावरच्या माणसाने मुलाला दिलेलं ते आमंत्रणच असायचं: बघ, मी हे असं केलं, तूही कर.

हा अनुभव काही आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत शनिवारची सकाळ हीच मुलांची वेळ होती, आणि तिथे १९७० च्या दशकात कार्टूनांच्या जोडीला माणसांच्या, अगदी तुटपुंज्या खर्चाच्या मालिका निघाल्या. सिड आणि मार्टी क्रॉफ्ट हे कळसूत्री बाहुल्यांच्या धंद्यातले भाऊ त्यात पुढे होते. ‘एच. आर. पफनस्टफ’ ही त्यांची १९६९ ची मालिका. तिचे भाग झाले १७, पण मुलांनी तेच १७ भाग पुन्हा पुन्हा, कित्येक शनिवार बघितले. मग १९७४ साली ‘लँड ऑफ द लॉस्ट’ आली. एक बाप आणि त्याची दोन मुलं नदीतून जाताना भलत्याच जगात जाऊन पडतात, तिथे डायनोसॉर असतात आणि स्लीस्टॅक नावाचे फुत्कार टाकणारे सरड्यासारखे उभे प्राणी असतात. या स्लीस्टॅकचे पोशाख होते अवघे तीन. ते तीनच फिरवून फिरवून झुंडीचा भास निर्माण करायचे. आत उभे राहायला उंच बास्केटबॉल खेळाडू आणायचे; त्यातला एक, बिल लेंबीर, पुढे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत नावाजलेला खेळाडू झाला.

त्या मालिकेत माणसासारख्या केसाळ प्राण्यांची एक जमात आहे, पाकुनी. त्यांनी काहीतरी ‘हू हू’ केलं असतं तरी शनिवारी सकाळी कुणाची तक्रार नव्हती. पण निर्मात्यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांना गाठलं आणि त्यांनी या जमातीसाठी खरीखुरी भाषा रचली. दोनशेच्या वर शब्द, त्यांना व्याकरण, आणि ती भागागणिक थोडी थोडी अशी वापरायची की घरी बघणाऱ्या मुलाला ती हळूहळू उमगत जावी. लिहायला डेव्हिड गेरॉल्ड, डी. सी. फोंटाना, लॅरी निवेन यांच्यासारखे विज्ञानकथेतले कसलेले लेखक. पोशाखाला पैसे नाहीत, पण मुलाच्या डोक्याला कमी लेखायचं नाही. मला या सगळ्या प्रकरणात जे प्रिय आहे ते हे आहे. पैशाची काटकसर आणि कष्टाची काटकसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या सतत एकाच पोत्यात भरतो.

पुढे २००९ साली हॉलिवूडने याच मालिकेवर सुमारे दहा कोटी डॉलर खर्चून चित्रपट काढला. त्यात मूळ गोष्टीची टर उडवली होती. खर्चही वसूल झाला नाही. डायनोसॉर मात्र अगदी खरे वाटत होते.

ब्रिटनमध्ये बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथेची मालिका शनिवारी संध्याकाळी लागायची, २३ नोव्हेंबर १९६३ पासून. तिच्यातले डॅलेक नावाचे यांत्रिक शत्रू बघून तिथली एक अख्खी पिढी सोफ्यामागे लपली. रेमंड क्युसिक या बीबीसीच्या पगारी कलावंताने ते घडवले, आणि डॅलेकच्या हाताच्या टोकाला मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप लावला. त्या मालिकेचे सुरुवातीच्या वर्षांतले कितीतरी भाग पुढे बीबीसीनेच पुसून टाकले. टेप महाग, जागा कमी, हे पुन्हा कोण बघणार. पण घरोघरी मुलांनी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून आवाज मुद्रित करून ठेवले होते, आणि त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा निदान आवाज आज शाबूत आहे. स्मरणरंजन हा शब्द आपण जरा हेटाळणीने वापरतो. त्या मुलांनी जे केलं तेही स्मरणरंजनच, पण त्यातून संग्रह उभा राहिला.

आता पैशाकडे येतो, कारण ‘परवडत नाही’ हे उत्तर ऐकून ऐकून कान किटले आहेत.

‘शक्तिमान’ २००५ पर्यंत चाललं. मधल्या काळात ते शनिवारवरून रविवारी दुपारी गेलं. मालिका दाखवण्यासाठी निर्माता दूरदर्शनला वेळेचे पैसे मोजायचा, जाहिरातींतून ते भरून काढायचा, आणि ही रक्कम लोकप्रियतेबरोबर चढत गेली, हे मालिकेचे निर्माते आणि नायक मुकेश खन्ना यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. म्हणजे सरकारी प्रसारणसंस्थेवर मुलांसाठी काही करायचं तर ते करणाऱ्याने आधी भाडं भरायचं. मुलं जितक्या आवडीने बघतील तितकं भाडं जास्त. या व्यवहारात मुलं ही खर्चाची बाब कुणाचीच नाही, फक्त उत्पन्नाची आहे. अशा बाजारात माणसांची मालिका टिकणं कठीणच. कार्टून एकदा विकत घेतलं की पाच भाषांत आवाज चढवून पंधरा वर्षं दाखवता येतं. त्यातला मुलगा वाढत नाही, त्याला मिशा फुटत नाहीत, त्याची दहावीची परीक्षा येत नाही. खऱ्या मुलांची मालिका एका गावाची, एका भाषेची आणि दोन-तीन वर्षांचीच असते. नेमक्या याच गुणामुळे ती मुलांना हवी असते आणि नेमक्या याच गुणामुळे बाजाराला ती नको असते.

जिथे बाजाराला नको आणि समाजाला हवं, तिथे सार्वजनिक पैसा लागतो. यात नवीन काही नाही, आपण हे केलेलंही आहे. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. इनसॅट उपग्रहाच्या जोरावर शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम करायला सहा राज्यांत अशा संस्था निघाल्या, त्यातली महाराष्ट्राची ही. तिने हजारो कार्यक्रम केले. सगळे चांगले नव्हते. फळ्यापुढे ताठ उभे राहून कॅमेऱ्याकडे बघणारे गुरुजी मलाही आठवतात. पण ताटात पाणी, पाण्यात पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास, आणि ज्योत विझताच ग्लासात चढणारं पाणी, हा प्रयोग मी पहिल्यांदा बघितला तो सकाळच्या अशाच एका कार्यक्रमात. करणारी मुलगी माझ्याएवढी होती. तिच्या एका वेणीची रिबीन सुटली होती आणि ती तशीच प्रयोग करत होती. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीत तीन घरांतले ग्लास फुटले.

त्या संस्थेला मिळणारा केंद्राचा पैसा आटला, पुढे कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने ती बंद केली. त्या बातमीखाली किती जणांनी हळहळ व्यक्त केली असेल? थोड्यांनी. शीर्षकगीताच्या चित्रफितीखाली जमते त्याच्या शंभरावा हिस्साही नसेल. आणि मला सगळ्यांत जास्त हेच बोचतं. आपलं प्रेम आठवणीवर होतं, संस्थेवर नव्हतं. दिवा विझला तेव्हा आपण उजेडाची गाणी म्हणत होतो.

या जबाबदारीला कायद्याचा आधार नाही असंही नाही. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि ‘शक्तिमान’ सुरू झालं त्याच वर्षी, १९९७ मध्ये, अमलात आला. प्रसारणसंस्थेने काय करायचं हे त्याच्या बाराव्या कलमात लिहिलं आहे, आणि त्यात मुलांच्या हितासाठी विशेष पावलं उचलणं हेही आहे. वाक्य स्पष्ट आहे, पण त्यात तास नाहीत, वार नाही, पैसा नाही. खाजगी वाहिन्यांसाठी केंद्राने २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत रोज ३० मिनिटं लोकहिताच्या मजकुराला द्या असं म्हटलं आहे. त्यासाठी आठ विषय दिले आहेत: शिक्षण आहे, शेती आहे, आरोग्य, विज्ञान, महिला, दुर्बल घटक, पर्यावरण आणि संस्कृती, राष्ट्रीय एकात्मता. मुलं असा विषय त्यात वेगळा नाही.

नुसता नियम केला म्हणून सगळं होतं असा माझा भाबडा समज नाही. अमेरिकेत पेगी चॅरेन या आईने १९६८ साली शेजारणींना घरी जमवून मुलांच्या टीव्हीसाठी चळवळ उभी केली. पुढे १९९० मध्ये कायदा झाला, १९९६ मध्ये प्रत्येक टीव्ही केंद्राने आठवड्याला तीन तास मुलांसाठी बोधप्रद कार्यक्रम द्यायचे असं ठरलं. वाहिन्यांनी ते तीन तास भरले, पण कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या, कमीत कमी त्रासाच्या कार्यक्रमांनी. तास होता, जीव नव्हता. २०१४ पर्यंत तिथल्या मोठ्या वाहिन्यांवरून शनिवारची जुनी सकाळ पार संपली. तेव्हा वेळ राखून ठेवणं हे पहिलं काम आहे, एकमेव नाही. पण पहिलं तेच आहे. रिकामी जागा असेल तर तिथे कधीतरी कुणी चांगलं काही मांडेल. जागाच नसेल तर गुणी माणूस तरी काय करणार?

‘आता मुलांना यूट्यूबवर सगळं मिळतं,’ असं मला अनेक पालक सांगतात. मिळतं, आणि त्यात काही लोक फार तळमळीने काम करतात. पण तिथे मुलांपुढे जी हाडामांसाची माणसं दिसतात त्यांतली बहुतेक काय करत असतात ते एकदा शेजारी बसून बघा. खेळण्यांची खोकी उघडत असतात. पडद्यावरचं मूल गोष्टीतलं पात्र नसतं, दुकानातला विक्रेता असतो. शिवाय ते एकेकट्याने, हातातल्या फोनवर. सतरंजी नाही, गच्चीवरचा मुलगा नाही, आणि सोमवारी वर्गात सगळ्यांनी मिळून बोलावं असं काही नाही. एका वेळी सगळ्यांनी एकच गोष्ट बघणं यात एक मोठी लोकशाही होती. वकिलाचा मुलगा आणि आमच्या शाळेच्या शिपाईकाकांचा मुलगा मधल्या सुट्टीत एकाच किलविषवर भांडायचे.

आणि भाषेचं काय? माझ्या चुलतबहिणीची मुलगी घरात मराठी बोलते, शाळा मराठी. पण अंगणात खेळताना राक्षस आला की ती हिंदीत शिरते. ‘मुझे कोई नहीं रोक सकता!’ भांडण मराठीत, भूक मराठीत, आणि अद्भुत मात्र हिंदीत. हिंदीशी माझं वैर नाही. ‘शक्तिमान’ही हिंदीच होतं आणि आम्हीही गिरक्या घेताना तीच भाषा बोलायचो. पण आमच्याकडे दुसऱ्या पारड्यात काहीतरी होतं. मुंबई दूरदर्शनचं ‘किलबिल’ होतं. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावर राजदत्त यांनी केलेली ‘गोट्या’ होती, जिचं शीर्षकगीत आजही चारजण जमले की सुरात म्हणता येतं. जादू मराठीतही होते, जंगलात हरवलेली मुलं मराठीतही मार्ग विचारतात, हे आम्हाला ठाऊक होतं. ज्या भाषेत मुलाला स्वप्न पडत नाही ती भाषा त्याला पुढे फक्त अर्ज भरायला उरते. मराठीच्या भवितव्यावर इतक्या सभा होतात, इतके ठराव होतात. सात वर्षांच्या मुलाने संध्याकाळी मराठीत काय बघायचं याचा ठराव मी अजून ऐकलेला नाही.

मुलांना आता असलं साधं चालणार नाही, हा आक्षेप मला मुळीच पटत नाही. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं. वैभव मांगले चेटकीण. नाट्यगृहाबाहेर ‘हाउसफुल्ल’च्या पाट्या लागल्या, मुलांनी गर्दी केली. त्या चेटकिणीचं नाक चिकटवलेलं आहे हे पहिल्या रांगेतल्या मुलाला स्वच्छ दिसतं, आणि ती खाली उतरून जवळ आली की तोच मुलगा खुर्चीवर पाय वर घेतो. हीच मुलं घरी हातात फोन असलेली आहेत. सुधा करमरकर, मतकरी यांच्यापासून बालरंगभूमीने साठेक वर्षं जे कौशल्य जपलं, थोडक्या सामानात मोठं जग उभं करण्याचं, ते जाणणारी माणसं आपल्यात आजही आहेत. त्यांना कॅमेरा आणि ठरलेला वार द्यायचा आहे.

२०२० मध्ये हे थोडं झालंही. शाळा बंद होत्या तेव्हा एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ केली आणि सह्याद्री वाहिनीने ती दाखवली. पाठ्यपुस्तकावरचीच मालिका, पण वर्ग नव्हता, फळा नव्हता. घरात, अंगणात, शेतात मुलं मोठ्यांबरोबर काहीतरी करताना दिसायची. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्या घरांत ती पोचली. सह्याद्री आपलं आहे, ते अजून घरोघरी दिसतं, आणि संकट आलं तेव्हा मुलांसाठी तिथे वेळ निघाला. संकट नसताना तो का निघू नये, याचं उत्तर मला हवं आहे.

म्हणून आपण आठवणी लिहिताना सोबत मागणीही लिहावी. बालचित्रवाणीने जे केलं ते लोकांच्या पैशाने केलं. ते सगळं एका जागी, वर्षवार यादीसह, कुणालाही विनामूल्य बघता यावं आणि शिक्षकांना वर्गात वापरता यावं. मुंबई दूरदर्शनच्या जुन्या मुलांच्या कार्यक्रमांचंही तसंच. ज्यांच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर काही टिकून असेल त्यांनी ते माळ्यावरून काढावं, कारण बुरशी कुणाची वाट बघत नाही. आणि सह्याद्रीवर आठवड्यातून एक तास मुलांच्या कथामालिकेसाठी राखून ठेवावा. भाडं न घेता, निर्मितीचा खर्च राज्याच्या शालेय शिक्षण खात्याने आणि प्रसार भारतीने मिळून उचलून. पाठ्यपुस्तक नको, उपदेश तर नकोच. तेरा भागांची गोष्ट. एक चंद्रपूरची, एक मालवणची, एक धारावीची, एक बेळगावची. पोरं तिथलीच, बोली तिथलीच. राक्षस पुठ्ठ्याचा असला तरी चालेल. लेखक मात्र चांगला घ्या आणि त्याला वेळेवर पैसे द्या.

जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारी अजूनही सकाळीच भरतात. मुलं अकराच्या सुमारास घरी येतात.